कासदाह व रक्तपेशींस जाणारी हाक

गाईची कास सुजून दुधात गाठी दिसल्या म्हणजे दगडी झाली, असे आपण समजतो. सडातून जंतू शिरताच कासेच्या आतील अस्तराच्या पेशी 'केमोकाइन' नामक सूक्ष्म प्रथिने सोडतात. १९८७ साली उजेडात आलेले 'इंटरल्यूकिन-८' हे त्यांपैकीच होय. या हाकेसरशी रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत धावून येतात व जंतूंस गिळतात. त्या पेशी व साकळलेले दूध मिळून गाठी बनतात. परंतु 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' जंतू शिरल्यास ही हाक बहुधा क्षीण असते. सूज दिसत नाही, रोग मात्र आत मुरतो. यास्तव निरोगी भासणाऱ्या गाईचेही दूध पशुवैद्याकडून वेळोवेळी तपासून घ्यावे, व जंतू हातांबरोबर पसरत असल्याने बाधित गाईची धार सर्वांच्या शेवटी काढावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.