नवी नोंद कीं जुनीची दुरुस्ती ?

नोंदवही म्हटली कीं तींत लेखनाचे दोनच प्रकार संभवतात. नवें कांहीं घडलें तर नवी ओळ लिहावयाची. पूर्वीं लिहिलेलें चुकलें अथवा पालटलें तर ती ओळ सुधारावयाची. शाळेचा पट असो, वाचनालयाची सभासदसूची असो कीं पेढीची खतावणी असो, कारकुनाच्या लेखणीपुढें हा प्रश्न नित्य उभा असतो. आज या वह्या संगणकांत गेल्या, पण प्रश्न होता तेथेंच आहे. तो ज्या भाषेंत सोडविला जातो त्या 'एस्क्यूएल'ची ओळख आम्ही येथें करून देत आहों. आपल्या घरांतील कित्येक तरुण-तरुणी या भाषेवर उपजीविका करीत आहेत. आणि ज्यांचीं नांवें अशा कोष्टकांत नोंदलेलीं आहेत असे तर आपण सर्वच आहों.

१९७० सालीं 'आयबीएम' कंपनींतील एडगर कॉड या विद्वानानें असा विचार मांडला कीं, सर्व माहिती ओळी व रकाने असलेल्या साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि ती यंत्राच्या पोटांत कोठें आहे ही विवंचना विचारणारावर पडूं नये. १९७४ सालीं त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं या विचारास अनुरूप अशी, इंग्रजी वाक्याप्रमाणें वाचतां येणारी भाषा रचली. तिचें प्रमाण रूप १९८६ सालीं अमेरिकेंत व १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ठरलें.

समजा, एका वाचनालयाचें 'सभासद' नांवाचें कोष्टक आहे व त्यांत क्रमांक, नांव, मधलें नांव, आडनांव आणि प्रवेशाची तारीख असे पांच रकाने आहेत. नवा सभासद आला म्हणजे 'इन्सर्ट इंटू सभासद' अशी आज्ञा द्यावयाची व पुढें 'व्हॅल्यूज' या शब्दानंतर कंसांत पांचही रकान्यांचा मजकूर क्रमानें द्यावयाचा. एक ओळ वाढते. आधींच्या ओळींस धक्का लागत नाहीं. दुरुस्तीची आज्ञा निराळी : 'अपडेट सभासद सेट आडनांव = लेले व्हेअर क्रमांक = ४१७'. आज्ञेचे हे शब्द यंत्रास रोमन लिपींत द्यावे लागतात, एवढेंच. अर्थ असा कीं, ज्या ओळींत क्रमांक ४१७ आहे तेथें आडनांव लेले करावें. यांतील 'व्हेअर'पासूनचा तुकडा लिहावयाचा राहिला तर ? यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतें. तें वाचनालयांतील एकूणएक सभासदांस लेले करून मोकळें होतें!

यावर उपाय सोपे आहेत. प्रथम तीच 'व्हेअर'ची अट घालून 'सिलेक्ट' या नुसतें पाहण्याच्या आज्ञेनें कोणत्या ओळी हातीं लागतात तें पाहावें. मग 'बिगिन' म्हणून व्यवहार उघडावा, दुरुस्ती करावी, आणि किती ओळी बदलल्या हा जो आंकडा यंत्र सांगतें तो वाचावा. एक ओळ अपेक्षित असतां चारशें बदलल्या, तर 'रोलबॅक' म्हणतांच सर्व पूर्ववत् होतें. 'कमिट' म्हटलें कीं मात्र शाई वाळली. व्यवहार न उघडतां काम केल्यास पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक आज्ञा तत्क्षणीं कायम होते.

आतां याहून नाजूक प्रसंग पाहूं. आलेला मनुष्य नवा कीं जुनाच, हें ठाऊक नसेल तर काय करावें ? नांवावरून ठरवावें, तर आपल्याकडे नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल. नारायणाचा विष्णु, विष्णूचा नारायण, त्याचा पुन्हां विष्णु : आजोबा व नातू नांवाच्या तिन्ही रकान्यांत एकसारखेच ! म्हणून प्रत्येकास कधींही न बदलणारा क्रमांक द्यावा. त्यास 'प्रायमरी की' म्हणतात. तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊं लागला तर यंत्र नवी ओळ नाकारतें. 'असेल तर सुधार, नसेल तर घाल' अशी जोडआज्ञाही आहे. २००३ च्या प्रमाणांत ती 'मर्ज' या नांवानें आली. 'पोस्टग्रेस'मध्यें २०१६ सालीं व 'एस्क्यूलाइट'मध्यें २०१८ सालीं ती 'ऑन कॉन्फ्लिक्ट' या रूपानें मिळाली. आधीं पाहावें व मग लिहावें असें दोन पायऱ्यांनीं केल्यास, दोन मेजांवरील दोन कारकून एकाच क्षणीं 'ओळ नाहीं' असें पाहून दोघेही ती घालावयास धांवतात. 'ऑन कॉन्फ्लिक्ट'च्या जोडआज्ञेंत हा घोटाळा टळतो. 'मायएस्क्यूएल'मधील 'रिप्लेस' मात्र जपून वापरावी. ती दुरुस्ती भासते, पण जुनी ओळ पुसून नवी घालते. त्यामुळें आपण न सांगितलेली प्रवेशाची तारीख नाहींशी होते.

परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. सभासद क्रमांक ४१७ ही कुमारिका होती; तिचें लग्न झालें. आमच्याकडील रीतीनें मधल्या नांवांत पित्याच्या जागीं पति येतो, आडनांव बदलतें, आणि कित्येक घरांत पहिलें नांवही पालटतें. आतां 'अपडेट' केलें, तर पदवीपत्रावर जिचें नांव आहे ती मुलगी कोण, हें त्या कोष्टकास कधींच सांगतां येणार नाहीं. 'इन्सर्ट' केलें, तर एकीच्या दोघी झाल्या. वाचनालयांत हें निभावेल. पण बँकेंत, विद्यापीठांत वा पारपत्राच्या कचेरींत 'मी ती मीच' हें सिद्ध करण्यासाठीं विवाहनोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र व राजपत्रांतील जाहिरात यांच्या मागें किती धांवावें लागतें, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. लग्नानंतर माहेरचेंच नांव चालविणाऱ्या स्त्रियाही आज पुष्कळ आहेत. त्यांस न विचारतां केलेली दुरुस्ती तर उघड अन्यायच होय.

तिसरा मार्ग आपल्या पेढीवाल्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. रोजकीर्दींत खाडाखोड करावयाची नाहीं. फरक पडला तर त्याची वेगळी नोंद करावयाची. त्याचप्रमाणें नांवांचें स्वतंत्र कोष्टक करावें : क्रमांक, नांवाचे तिन्ही भाग, व तें केव्हांपासून चालू झालें ती तारीख. लग्न झालें कीं त्यांत एक ओळ वाढते. क्रमांक ४१७ तोच राहतो आणि माहेरचें नांवही शाबूत राहतें. जुन्या ओळी यंत्रानें आपोआप राखाव्या, अशी सोय २०११ च्या प्रमाणांत आली असून 'मारियाडीबी'मध्यें ती २०१८ पासून आहे.

तेव्हां हें काम करणाऱ्या तरुण मंडळींस आमचें एवढेंच सांगणें आहे. जें लिहितांना चुकलें असेल तें खुशाल सुधारावें. जें काल खरें होतें व आज पालटलें, त्यासाठीं नवी ओळ घालावी. काल खरें असलेलें पुसण्याचा अधिकार कारकुनास नाहीं.