घर क्रमांक एक, बिऱ्हाडे बारा

वढू बुद्रुक हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. मार्च १६८९ मध्ये तुळापुरी जे घडले त्याचे स्मरण करायला दरवर्षी फाल्गुन अमावास्येला इथे माणसांची रीघ लागते. या गर्दीसाठी रस्ते, वाहनतळ, पाणी यांचा बंदोबस्त होतो, कारण ती येणार हे शासनाला आधीपासून माहीत असते. याच गावाच्या आसपास आणखी एक गर्दी आहे आणि ती रोज असते. कोरेगाव भीमाहून नगर रस्त्याने पुढे निघाले की सणसवाडी, शिक्रापूर आणि मग व्हर्लपूल, एलजी, फियाट यांचे कारखाने असलेली रांजणगावची एमआयडीसी लागते. या पट्ट्यात पाळीवर जाणारा कामगार मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला असतो आणि राहतो तो एखाद्या शेतकऱ्याने बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत. कामाच्या आणि राहणीच्या हिशेबाने हा पट्टा शहर झाला आहे, कागदावर मात्र तो ग्रामपंचायतींचा आहे. त्याचे पाणी, गटारे, कचरा हे प्रश्न पैशांच्या टंचाईचे आहेत असे सर्रास सांगितले जाते. त्याआधीचा प्रश्न नोंदीचा आहे. इथला भाडेकरू गावाच्या कोणत्याच कागदावर नाही आणि जो कागदावर नाही त्याच्यासाठी कोणतीच योजना आखली जात नाही.

ही भाड्याची बाजारपेठ कशी उभी राहिली ते पाहिले तर तिच्याकडे तुच्छतेने बघण्याचे कारण उरत नाही. चासकमानच्या कालव्याचे पाणी जिथे पोचते तिथे ऊस, जिथे पोचत नाही तिथे पावसावरची पिके, असा शिरूर तालुक्याचा शेतीचा नकाशा आहे. पिकाचा पैसा हंगामाला येतो आणि बाजारभावावर हेलकावे खातो, खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला येते. कंपनीसाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदला आला, त्यातून दोन गुंठ्यांवर दहा-बारा खोल्या निघाल्या, हा या भागातला सरळ व्यवहार आहे. दुसऱ्या बाजूला कामगाराला कारखाना घर देत नाही. त्यातले पुष्कळसे कामगार ठेकेदारामार्फत आलेले असतात, म्हणून कंपनीच्या लेखी ते तिचे कामगारही नसतात. महाराष्ट्रात हे नेहमी असे नव्हते. किर्लोस्करवाडी आणि वालचंदनगर कारखान्याबरोबरच वसली. मुंबईत सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. एका खोलीत संसार मावत नव्हता हे खरे, पण कामगार कुठे राहणार हा प्रश्न कुणीतरी आपला मानला होता. नगर रस्त्यावर तो प्रश्न शेतकऱ्याने, त्याला कुणी सांगितले नसताना, स्वतःच्या पैशांनी सोडवला. त्या सोयीचा हिशेब मात्र कुठेच लिहिला गेला नाही.

हिशेब न लिहिल्याने काय होते ते एका कल्पित चाळीच्या उदाहरणाने पाहू. समजा, मालकाचे पाच जणांचे कुटुंब आहे आणि मागे बारा खोल्या आहेत, दर खोलीत तीन माणसे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, ही बहुधा एक मिळकत, एक घर क्रमांक आणि एक नळजोडणी. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्याने या कुटुंबाला २७५ लिटर पुरतात. प्रत्यक्षात त्या घर क्रमांकावर ४१ माणसे राहतात आणि त्याच निकषाने त्यांना २,२५५ लिटर लागतात. मधली तूट बोअर आणि टँकर भरून काढतात आणि टँकरचे पैसे भाड्यात येतात. विजेचे गणित याहून उलटे आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी दर, तिथून तीनशे, पाचशे आणि पुढे दर वाढत जातो. स्वतंत्र मीटर असलेल्या घराला स्वस्त टप्प्याचा फायदा मिळतो. बारा खोल्यांचा मिळून एकच मीटर असेल तर महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच तो टप्पा संपतो, मग मालक सबमीटर लावून सरसकट चढा दर घेतो. त्यात त्याचा लोभ असेलच असे नाही, त्याचे बिलच तसे येते. परिणाम मात्र असा की एक पंखा आणि एक दिवा वापरणारा कामगार पुण्यातल्या फ्लॅटमधल्या छोट्या कुटुंबापेक्षा युनिटला जास्त पैसे मोजतो.

घरापाशी जे होते तेच गावाच्या पातळीवर मोठ्या आकड्यांत होते. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाचे राज्यांमधले वाटप करताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला, आणि लोकसंख्या धरली ती २०११ ची. त्यानंतर या पट्ट्यात जो आला तो या हिशेबात नाही. ग्रामपंचायतीत सदस्य किमान सात आणि जास्तीत जास्त सतरा. गाव कितीही फुगले तरी सतराच्या पुढे जाता येत नाही, आणि त्या सतरांना निवडणाऱ्या मतदारयादीत भाडेकरू क्वचितच असतो, कारण त्याचे नाव त्याच्या मूळ गावी आहे. जनगणनेने अशा गावांसाठी एक वर्ग ठेवला आहे. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेती कामात असतील तर ते जनगणनेपुरते शहर. देशात अशी शहरे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. पण हा वर्ग केवळ मोजणीपुरता आहे. त्याने कारभार बदलत नाही, कर बदलत नाहीत, अभियंता किंवा नगररचनाकार मिळत नाही. म्हणजे आपल्या देशात शहर ओळखले जाते आणि ओळखूनही गावच ठेवले जाते.

खोलीच्या आतला व्यवहारही असाच तोंडी चालतो. डिपॉझिट किती, ते परत कधी, भाडे कधी वाढणार, खोली सोडायला किती दिवस आधी सांगायचे, हे सगळे बोलण्यावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवणे मालकावर येते. पण हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वाडीवस्तीला आपोआप लागू नाही. तो अनुसूचीतल्या भागांपुरता आहे आणि इतरत्र लागू करायचा तर सरकारला अधिसूचना काढावी लागते. तो जिथे नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, ज्यात दरमहाच्या भाडेकराराला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सीमित केली आहे आणि वाद सोडवायला वेगळे भाडे प्राधिकरण सुचवले आहे, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे.

मग लोक करार का करत नाहीत? खर्च हे कारण टिकत नाही. महिना चार हजारांच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार केला तर पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क शंभर-सव्वाशे रुपये होते आणि ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे, शहराच्या निम्मे. नोंदणी ऑनलाइन होते. खरे कारण जुने आणि खोल आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना कसत्या जमिनीचे मालक केले. कुणाचे आजोबा त्यात जमीन मिळालेले, कुणाचे गमावलेले, पण धडा दोघांच्याही घरात एकच उरला : दुसऱ्याचे नाव कागदावर आले की जमीन जाते. म्हणून खोली देणारा मालकही ‘कूळ लागेल’ या धास्तीने कागद टाळतो. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण ती चुकीच्या जागी लावली जाते. कूळकायदा शेतजमीन कसणाऱ्यासाठी होता. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात वापराची परवानगी मिळते, मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. बारा वर्षांच्या ताब्याने मालकी मिळते असे जे म्हणतात ते मालकाच्या हक्काविरुद्ध ठेवलेल्या ताब्याबद्दल आहे, परवानगीने राहणाऱ्याला ते लागू नाही. आणि परवानगी दिली होती हे सिद्ध करणारा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तोच नोंदलेला करार. कागद टाळून मालक स्वतःचेच संरक्षण टाळतो.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे : सरकार भाड्यात शिरले की घरे बांधली जायची थांबतात. मुंबईने हे पाहिले आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने अनेक घरांचे भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले, डागडुजीलाही पैसे पुरेनात, इमारती मोडकळीस आल्या. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या त्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण या इतिहासातून भाडे गोठवू नये एवढेच निघते. भाड्याची नोंद ठेवू नये असे त्यातून निघत नाही. इथे मागणी दर ठरवण्याची नाही. दर बाजाराने ठरवावा, पण तो ठरला हे कुठेतरी लिहिलेले असावे. नोंद झाली तर कर वाढेल आणि तो भाडेकरूवरच ढकलला जाईल, हा आक्षेपाचा उरलेला भाग खरा आहे. काही प्रमाणात तसे होईलच. मात्र आज तोच भाडेकरू टँकर, बाटलीबंद पाणी आणि चढ्या युनिटच्या रूपाने एक कर भरतो आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही आणि त्यातून गावात एकही पाइप टाकला जात नाही.

‘ती माणसे आज आहेत, उद्या नाहीत’ हा गावाच्या चावडीवरचा आक्षेप. त्यात तथ्य एवढेच की माणूस बदलतो. खोली मात्र रिकामी राहत नाही. एक बिऱ्हाड हलले की आठवड्यात दुसरे येते आणि पाणी, शौचालय, कचरा यांचा भार तेवढाच राहतो. शिवाय जो पाच-सात वर्षे त्याच पट्ट्यात खोल्या बदलत राहतो, ज्याची मुले तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्याला तात्पुरता म्हणणे ही गावाची सोय आहे. आज भाडेकरूची माहिती मागितली जाते ती मुख्यतः पोलीस ठाण्यात द्यायला. म्हणजे संशयित म्हणून त्याची नोंद आहे, रहिवासी म्हणून नाही. नोंदणीने सगळे सुटणार नाही हेही मान्य करायला हवे. ‘फक्त फॅमिलीसाठी’ म्हणून एकट्या माणसाला परत पाठवणे, आडनाव किंवा प्रांत विचारून खोली नाकारणे हे करारपत्राने थांबत नाही. पण खोली मिळाल्यावर डिपॉझिट बुडवणे, महिन्याच्या मध्येच बाहेर काढणे, वीज तोडणे यांना त्याने आळा बसतो.

उरतो तो प्रश्न गावाच्या दर्जाचा. नगरपंचायत म्हटले की कर वाढतील, ग्रामीण घरकुल आणि रोजगार हमी जाईल, अशी धास्ती असते आणि ती खरी आहे. शेती करणाऱ्या गावकऱ्याचे त्यात नुकसान होऊ शकते. तरीही न ठरवणे हाही एक निर्णय असतो आणि तो महाग पडतो. याच नगर रस्त्यावरचे वाघोली उंच इमारती उभ्या राहीपर्यंत ग्रामपंचायतच होते आणि जून २०२१ मध्ये बावीस इतर गावांसह पुणे महापालिकेत गेले. आधी बांधकाम, मग गटार, असा उलटा क्रम तिथे निस्तरावा लागतो आहे. चाकणला २०१५ मध्ये नगरपरिषद मिळाली तीही कारखाने येऊन बराच काळ लोटल्यावर. शहराचा दर्जा नसल्याचा आणखी एक तोटा कमी बोलला जातो. २०२० मध्ये टाळेबंदीतल्या स्थलांतरितांच्या हालअपेष्टांनंतर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना आणली, ती शहरी आवास योजनेचा भाग म्हणून. ग्रामीण आवास योजना स्वतःचे घर बांधणाऱ्याला मदत करते, भाड्याच्या खोलीचा तिथे विचारच नाही.

दर्जाचा निर्णय मुंबईत होईल तेव्हा होईल. नोंदीचा निर्णय ग्रामसभा आज घेऊ शकते. मिळकतीच्या नोंदीबरोबर भाड्याच्या खोल्या आणि राहणारी माणसे यांची वही ठेवणे, करार दाखवणाऱ्या मालकाला जादा नळजोडणी प्राधान्याने देणे, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी कमानी आणि सभामंडपांऐवजी सांडपाण्याच्या प्रक्रियेसाठी मागणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, त्याचे मत कुठे आहे हे पाहत नाही. त्या मोजणीत मालकांनी ‘भानगड नको’ म्हणून खोल्या लपवल्या तर वढू, कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर यांना पुढची कित्येक वर्षे खऱ्या लोकसंख्येपेक्षा कमी माणसांच्या हिशेबाने पाणी आणि पैसा मिळेल. त्या अपुऱ्या पाण्यात भाडेकरूबरोबर मालकाचेही घर असेल.