गंजलेल्या बोल्टशी पंगा!

संडेला गाडी घरीच रिपेअर करायचा प्लॅन एकदम कूल वाटतो. पण पाना हातात असताना तो ‘टक्’ आवाज आला, की सगळा फंडा बदलतो...

तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. घट्ट बसलेला बोल्ट अचानक सैल लागतो, पाना लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो, आणि अर्धा सेकंद आपल्याला वाटतं, ‘येस्स! निघाला!’ मग हातात येतं ते नुसतं डोकं. बोल्टचं. उरलेला बोल्ट आत, आटे धरून आरामात बसलेला असतो.

माझ्याबाबतीत हे गणपतीच्या बरोब्बर आठ दिवस आधी झालं. स्थळ : माहीम, आमच्या सोसायटीचं पार्किंग. पात्रं : मी, बाबा (प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा), तळमजल्यावरचे काका (सल्ला देण्यासाठी) आणि आमची २००४ सालची मारुती ८००.

आता तुम्ही म्हणाल, २००४ ची गाडी अजून ठेवलीच कशाला? आईही तेच म्हणते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी री-पासिंग, त्याची फी २०२२ साली ६०० वरून थेट ५००० वर गेलेली, वर ग्रीन टॅक्स. हिशोब बसत नाहीच. पण दर गणपतीला कोकणात आमच्या घरी हीच गाडी जाते. बाबा नोकरीत असल्यापासून तिचं ऑइल, प्लग, ब्रेक शू सगळं स्वतः करायचे आणि मला फक्त बॅटरी धरायला उभं करायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले आणि पाने माझ्याकडे आले. म्हणजे, त्यांनी दिले नाहीत. मी घेतले.

या वेळी भानगड सायलेन्सरची होती. इंजिनाला जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड आणि त्याखालचा पाइप, यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं. गाडी ट्रॅक्टरसारखी फटफटत होतीच, पण खरा प्रॉब्लेम वेगळा होता. मागच्या आठवड्यात दादरहून ठाण्याला जाऊन आलो तर आईचं डोकं भणभणलेलं. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि इंजिनापाशी गळती असेल तर तो आत केबिनमध्ये येऊ शकतो. काचा बंद करून आठ-दहा तास कोकणचा प्रवास? नो वे! एका गॅरेजमध्ये विचारलं तर त्यांनी गाडीकडे एक नजर टाकून सांगितलं, ‘मॅडम, बोल्ट निघणार नाहीत. अख्खा मॅनिफोल्ड बदला.’ आकडा ऐकून बाबा गप्प झाले. मला ते गप्प होणं आवडलं नाही. म्हटलं, आपणच करू.

बोल्ट आठ एमएमचे. बाकीचे निघाले. शेवटचा तुटला.

गंजाचं गणित

बोल्ट अडकतो म्हणजे नेमकं काय होतं? लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगलेला असतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बोल्टला आवळतो. त्यात समुद्राचा खारा वारा, म्हणजे गंजाला आयतं खतपाणी. माहीम, वरळी, वर्सोवा भागात गाडी ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको. सायलेन्सरचे बोल्ट तर रोज तापतात, रोज थंड होतात, पावसात भिजतात. त्यांच्याकडून अजून काय अपेक्षा करणार?

आता माझी चूक ऐका. मी पान्याच्या दांड्याला दोन फुटी पाइप लावला. सोपं गणित आहे. असा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. एक फूट लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला, की जवळपास ३० होतात. दोन फुटांना ६०. बिचारा आठ एमएमचा बोल्ट, तोही गंजून बारीक झालेला, तुटणार नाही तर काय! पाइप ट्रकच्या चाकांना ठीक आहे. बारीक बोल्टला पाइप लावणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

मग करायचं काय होतं? बाबांच्या भाषेत, ‘रॉकेल आणि धीर.’ आता घरात रॉकेल नसतं, पण पेनिट्रेटिंग ऑइलचा स्प्रे कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे घासून साफ करायचे, मग स्प्रे मारायचा, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलकेच टकटक करायची (त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत झिरपतं) आणि घरी जाऊन झोपायचं. हो, झोपायचं! सकाळी परत स्प्रे. दोन दिवस असं केलं तर निम्मे बोल्ट हातपाय न आपटता सुटतात. मी काय केलं? स्प्रे मारला, चहा प्यायले, आणि पाइप लावला.

जाता जाता, सगळ्यांच्या घरात असलेला तो निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४०. त्याचा जन्म १९५३ सालचा, अमेरिकेत सॅन दिएगोला. नावाचा अर्थ ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग’. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो पहिल्यांदा वापरला गेला. म्हणजे मुळात तो पाणी दूर ठेवायला बनवलेला. साध्या गंजाला चालतो, पण मुरलेल्या बोल्टसाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या.

पान्याची निवडही महत्त्वाची. दोन बोटांचा उघडा पाना गंजलेल्या बोल्टला लावलात की कोपरे घासलेच म्हणून समजा. रिंग पाना घ्या, नाहीतर गोटी पाना. आणि गोटी शक्यतो सहा कोनांची. बारा कोनांची गोटी कोपऱ्यावर दाब देते, सहा कोनांची सपाट बाजूंना धरते. फिरवताना आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, परत आवळायचं. पाव फेरा पुढे, थोडं मागे. ‘करकर’ आवाज येत असेल तर चांगलं लक्षण. आणि बोल्ट रबरासारखा लवचिक लागला, तर थांबा. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. पुढचा आवाज ‘टक्’.

आग आणि अक्कल

दुसरा उपाय, उष्णता. भोवतालचं लोखंड तापवलं की भोक थोडं मोठं होतं. थोडं म्हणजे किती? दहा एमएमचं भोक २०० डिग्रीने तापवलं तर एमएमचा साधारण चाळिसावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड तोडायला बऱ्याचदा तेवढं पुरतं. काही मिस्त्री तापलेल्या बोल्टवर मेणबत्ती टेकवतात. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि बोल्ट सुळकन फिरतो.

पण! गॅसचा टॉर्च हातात घेण्याआधी आजूबाजूला बघा. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा होज, वायरिंग, रबरी बूट, आणि मघाशी तुम्हीच मारलेला स्प्रे. हे सगळं पेटतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी तीन गाड्या उभ्या असताना मी टॉर्च लावणार नव्हते, आणि तळमजल्यावरच्या काकांनी तर ‘सेक्रेटरीला बोलवू का?’ असं आधीच विचारून ठेवलं होतं.

तुटलेला बोल्ट थोडा वर राहिला असता तर काम सोपं होतं. व्हाइस ग्रिपने घट्ट धरून फिरवायचा. किंवा आटे शाबूत असतील तर दोन नट चढवून एकमेकांवर आवळायचे आणि खालच्या नटाला पाना लावून बोल्ट उलटा काढायचा. माझा मात्र अगदी सपाट, मॅनिफोल्डच्या लेव्हलला तुटलेला. पकडायला नखाएवढंही काही नाही.

मग मी ड्रिल काढलं. नागदेवी स्ट्रीटवरून ‘ईझी-आऊट’चा सेट आणलेला होता. नाव ईझी, काम महाकठीण. तुटलेल्या बोल्टच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचा हा टोकदार एक्स्ट्रॅक्टर घालायचा, आणि उलटा फिरवायचा. तो आत रुतत जातो आणि बोल्टला घेऊन बाहेर येतो. थिअरी मस्त! पण भोक बरोब्बर मधे पडायला हवं. त्यासाठी आधी सेंटर पंचने खूण, मग तीन एमएमचा ड्रिल, सावकाश, तेल टाकत. गाडीखाली आडवं पडून, चष्म्यावर गंजाची भुकटी पडत असताना मधोमध वगैरे काही होत नाही. माझं भोक एका बाजूला सरकलं. तरीही मी एक्स्ट्रॅक्टर घातला आणि हात फिरवणार, तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

‘थांब. काढ तो आधी.’

‘बाबा, बसलाय नीट, फक्त एकदा...’

‘तो आत तुटला ना, तर ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही. काढ म्हणतो ना.’

काढला. चिडून काढला, पण काढला. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक पोलादाचा असतो. कडक म्हणजे ठिसूळ. तो आत मोडला तर साधा ड्रिल त्यावर चालत नाही, नुसता घसरतो, आणि मग खरोखरच मॅनिफोल्ड बदलायची वेळ येते. त्या दुपारी मी आणि बाबा एकमेकांशी बोललो नाही. संध्याकाळी त्यांनीच चहा आणून दिला आणि म्हणाले, ‘उद्या वेल्डिंगवाल्याला बोलाव.’

ताई, बॅटरी काढा

दुसऱ्या दिवशी जवळच्या शेडमधला वेल्डिंगवाला छोटं मशीन घेऊन आला. पहिलं वाक्य : ‘ताई, बॅटरीची वायर काढा.’ हे फार महत्त्वाचं बरं का. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स आहे, वेल्डिंगचा करंट चुकून तिकडे गेला तर बोल्टपेक्षा मोठं बिल येईल. दुसरं वाक्य त्याने घोड्यांकडे बघून उच्चारलं : ‘घोड्या लावल्यात ना? नुसत्या जॅकवर मी खाली जात नाही.’ या माणसाबद्दल मला तिथेच आदर वाटायला लागला.

त्याने तुटलेल्या बोल्टवर वेल्डिंगचा छोटा थेंब चढवला, त्यावर अजून एक, मग त्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरलं. म्हणजे बोल्टला नवं डोकं! गंमत अशी की बिडाला साधं वेल्डिंग धड चिकटत नाही, पोलादी बोल्टला मात्र चिकटतं. एरवी बिडाचा हा दुर्गुण, पण इथे तोच पथ्यावर पडतो. शिवाय बोल्ट आतून लालभडक तापतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची मिठी सुटते.

पहिला नट पाना लावताच उखडला. मी बाबांकडे बघितलं नाही. दुसरा नट. या वेळी त्याने लगेच हात लावला नाही, लाली उतरेपर्यंत विडी काढली (लांब जाऊन, हे नमूद करते). मग पाना. किंचित पुढे, किंचित मागे. ‘करकर’. परत मागे. आणि मग तो फिरला. अक्षरशः फिरला!

‘काका, आला,’ तो खालून म्हणाला. बाबा खुर्चीतून उठले. गुडघ्यासकट.

बिल तीनशे रुपये. मॅनिफोल्ड जुनाच. हे जमलं नसतं तर शेवटचा मार्ग होता अख्खा बोल्ट ड्रिलने खाऊन टाकायचा आणि आटे पुन्हा पाडायचे. आठ एमएमच्या नेहमीच्या आट्यांसाठी ६.८ चा ड्रिल, मग टॅप. आटेच गेले असतील तर भोक मोठं करून हेलीकॉईल बसवायची. पण हे काम टेबलावर, लेथवाल्याकडे. पार्किंगमध्ये नाही.

नवे बोल्ट बसवताना आट्यांवर तांब्याचं अँटी-सीझ लावलं. साधं ग्रीस एक्झॉस्टच्या उष्णतेत जळून जातं, हे टिकतं. मात्र उत्साहाच्या भरात ते चाकाच्या नटांना फासू नका. ते नट कोरड्या आट्यांच्या हिशोबाने आवळायचे असतात, वंगण लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचा बोल्ट तुटला तर हिरोगिरी नको, गाडी सरळ टो करून न्या. सायलेन्सर पडला तर फक्त आवाज होतो, हा माझा आधीचा समज होता. आईच्या डोकेदुखीनंतर तेवढाही उरलेला नाही.

गणपतीला निघालो. पनवेल मागे पडल्यावर बाबांनी काच खाली केली आणि कान बाहेर काढून इंजिन ऐकत बसले. आईने विचारलं, ‘काय झालं?’ ते म्हणाले, ‘काही नाही.’ मग बऱ्याच वेळाने, वडखळच्या आसपास, माझ्याकडे न बघता :

‘मागच्या चाकांचे नट शेवटचे कधी सोडले होतेस गं?’