शरीराबाहेर बीजांडाची परिपक्वता

चाकणच्या शनिवारच्या बाजारात गाय पाहणारा शेतकरी प्रथम विचारतो ते तिचे दूध आणि तिची वेते. उत्तम गाय झाली तरी आयुष्यात ती फार तर आठ-दहा वासरे देते. वास्तविक तिच्या बीजांडकोशांत जन्मतःच हजारो बीजांडे असतात. परंतु साधारण एकवीस दिवसांच्या प्रत्येक ऋतुचक्रात बहुधा एकच पक्व होऊन बाहेर पडते. बाकीची जागच्या जागी विरून जातात. ही बीजांडे शरीराबाहेर परिपक्व करून त्यांपासून गर्भ तयार करण्याचे तंत्र आता भारतात रुजले आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत १९९० साली या मार्गाने म्हशीचे रेडकू जन्मास आले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई येथे जे. के. ट्रस्टच्या प्रयोगशाळेने गाई-म्हशींमध्ये हेच काम केले आहे.

सोनोग्राफीच्या साहाय्याने बीजांडकोशावरील द्रवाने भरलेल्या पुटिकांत सुई घालून बीजांडे शोषून घेतली जातात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका. ज्यांच्याभोवती लहान पेशींचे घट्ट थर आहेत तीच निवडतात, कारण बीजांडाला पोषण आणि संदेश या पेशींकडूनच मिळतात.

पुढचे बावीस ते चोवीस तास निर्णायक होत. उबवणयंत्राचे तापमान ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे गाईच्या अंगाइतके, ठेवावे लागते. आतील हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्याअभावी पोषणद्रवाची आम्लता बिघडते आणि त्यातील दर्शकाचा रंग जांभळट होऊ लागतो. हवा दमट नसेल तर द्रवाचा थेंब आटून क्षार दाट होतात. म्हणून थेंबावर खनिज तेलाचे आवरणही घालतात. द्रवात क्षार, शर्करा, अमिनो आम्ले, रक्तद्रव आणि बीजांड पक्व करणारी संप्रेरके असतात. जंतूंचा शिरकाव होऊ नये म्हणून प्रतिजैविकेही मिसळतात. निर्जंतुक संवर्धनाची ही शिस्त पिंपरीला नवी नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने येथेच पेनिसिलीन तयार केले. तेथे बुरशी प्रचंड टाक्यांत वाढे, येथे सारा व्यवहार एका थेंबात चालतो, इतकाच फरक.

पक्वतेच्या काळात बीजांडाची गुणसूत्रे निम्मी होतात व एक सूक्ष्म गोलक बाहेर टाकला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते एवढेच. केंद्रकाभोवतीच्या पेशीद्रवानेही पुढील वाढीची शिदोरी साठवलेली असावी लागते. ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. खरी अडचण येथेच आहे. बहुतेक बीजांडे पक्व दिसतात, पण फलनानंतर सातव्या दिवशी प्रत्यारोपणयोग्य गर्भ मिळतो तो गाईंत सुमारे एकतृतीयांश बीजांडांतूनच. म्हशींत त्याहून कमी. वीज गेली, यंत्राचे दार वारंवार उघडले, बीजांडे थंड पडली, तरी गुणसूत्रे विभागणारी नाजूक तंतुरचना मोडते.

कृत्रिम रेतनाची जागा हे खर्चिक तंत्र घेईल असे मानणे घाईचे ठरेल. मोजक्या जातिवंत गाईंचा वंश लवकर वाढविण्यासाठी ते उपयुक्त आहे. शिवाय गर्भ वाढवणारी गाय गावातलीच असते. ती सशक्त हवी, आणि तिचा माज सुमारे सात दिवसांपूर्वी येऊन गेलेला हवा, कारण गर्भाचे वय आणि तिच्या गर्भाशयाची अवस्था जुळली तरच गर्भ टिकतो. गोठ्यातील माजाच्या तारखेची नोंद म्हणूनच प्रयोगशाळेच्या तापमापकाइतकी आवश्यक असते.