बारीक डबा घेताना आतून मोजा

गटाच्या हिशेबासाठी छोटा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा, तर फडताळात मावेल असा बारीक डबा, म्हणजे कॅबिनेट, सगळ्यांनाच आवडतो. पण तो आतून मोजून घ्यायचा.

अगदी छोट्या डब्यात मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड बसतो, 17 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असलेली बघा. हिशेबाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याची उंचीही विचारा, नाहीतर झाकण लागत नाही.

खरी मेख आहे वीज देणाऱ्या पेटीत. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. नेहमीची एटीएक्स पेटी बारीक डब्यात सहसा मावत नाही. एसएफएक्स किंवा टीएफएक्स लागते. ती जळाली आणि तालुक्याला मिळाली नाही, तर मागवेपर्यंत गटाचं काम अडतं. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, "दादा, ही पेटी बदलायची झाली तर कुठे मिळेल, केवढ्याला?" उत्तर गुळमुळीत आलं तर थोडा जाड डबा घ्या, ज्यात नेहमीची पेटी बसते. जागा चार बोटं जास्त लागेल, लागू दे.

आपल्याकडे चुलीचा धूर, अंगणातली धूळ. हवेच्या भोकांवर काढून झटकता येईल अशी जाळी हवी. डबा भिंतीला चिकटवू नका. आणि टीव्हीवर घालतो तसा विणलेला रुमाल त्याच्यावर घालू नका, बाई. आतली गरम हवा कोंडते.