अल्प खर्चातील नेमबाजी : रायफल आणि तिचा साज

चेन्नईच्या दक्षिणेला तांबरमच्या परिसरात वंडलूरचे राखीव जंगल आणि 1985 पासून तेथे असलेले अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालय आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर ओथिवाक्कम येथे तमिळनाडू पोलिसांचे गोळीबाराचे मैदान आहे. शिकारीची रायफल आणि लक्ष्यवेधाची रायफल या दोन्ही परंपरांचे आजचे स्थान या शेजारावरून नेमके कळते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने आणली, 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून करावयाच्या शिकारीची उरलेली वाटही बंद केली, आणि ज्या नरिकुरवर समाजाची बोली आर्यभाषाकुळातील असून जो तमिळ प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगत आला त्याचे उपजीविकेचे साधनही त्याबरोबर गेले. म्हणून मर्यादित पैशांत रायफल घेऊ पाहणाऱ्या भारतीय कुटुंबापुढे, ते तांबरमचे असो वा कोल्हापूरचे, आज खरा पर्याय लक्ष्यवेधाच्या रायफलीचाच आहे. हवेच्या रायफलीने पक्ष्यांवर किंवा खारींवर छर्रे झाडणे हा खेळ नसून गुन्हा आहे, हे खरेदीपूर्वीच घरातील मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

जुन्या शिकारी रायफलींपैकी एकीचा उल्लेख मात्र येथे करावा लागतो. ब्रिटिश सरकारने लष्करात चालणारी .303 बोरची काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत अशी व्यवस्था केली होती, आणि त्यामुळे भारतात .315 बोरची, म्हणजे सुमारे 8 मिलिमीटर नळीची रायफल रूढ झाली. बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. वारसा म्हणून अशी रायफल अनेक घरांत परवान्यासह आढळते, परंतु स्पर्धेतील लक्ष्यवेधासाठी तिचा धक्का, आवाज आणि काडतुसांचा खर्च हे तिन्ही गैरसोयीचे ठरतात. पिकांच्या संरक्षणासाठी शस्त्र कायद्याने ज्या ठासणीच्या बंदुकीची तरतूद केली आहे तिचा प्रकारही वेगळा आहे, कारण रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आतील बाजूस पीळदार खाचा असतात आणि त्या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती गती मिळून ती सरळ जाते असे शस्त्र. या बंदुकांच्या नळीत अशा खाचा सहसा नसतात.

नवशिक्याच्या दृष्टीने महत्त्वाची सवलत 1959 च्या शस्त्र कायद्याखालील 2016 च्या नियमांत आहे. 4.5 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .177 पेक्षा मोठा बोर नसलेल्या आणि छर्रा नळीतून बाहेर पडताना त्याच्या अंगची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा अधिक नसलेल्या हवेच्या रायफलीसाठी परवाना लागत नाही. ओळखीचा पुरावा देऊन ती विकत घेता येते. ही मर्यादा अडचणीची वाटण्याचे कारण नाही. स्पर्धेतील रायफलीतून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा जेमतेम 8 ज्यूल भरते, आणि तेवढ्यावर ऑलिंपिक पदके जिंकली जातात. त्यामुळे जाहिरातीत वेगाचा मोठा आकडा पाहून रायफल निवडणे ही खर्चाची सर्वांत चुकीची दिशा होय.

दहा मीटर प्रकारातील लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा 0.5 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्रा त्याला नुसता स्पर्शला तरी दहा गुण मिळतात; छर्ऱ्याचा व्यास 4.5 मिलिमीटर असल्याने त्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून 2.5 मिलिमीटरच्या आत राहिले की पूर्ण दहा गुण पदरात पडतात. असे साठ छर्रे 75 मिनिटांत सोडायचे असतात. रायफलीकडून अपेक्षित असलेला गुण म्हणजे एकसारखेपणा, आणि तो कोठून येतो हे जाणण्यासाठी हवा दाबण्याच्या पद्धती समजून घेतल्या पाहिजेत. स्प्रिंगच्या रायफलीत ताणलेली स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढील हवा दाबली जाऊन छर्रा सुटतो; ही रचना स्वस्त, टिकाऊ आणि बाहेरच्या साधनांपासून स्वतंत्र असते, परंतु छर्रा अजून नळीतच असताना दट्ट्याच्या हालचालीने सारी रायफल थरथरते, शिवाय प्रत्येक नेमाला ती जोर लावून ताणावी लागते, आणि साठ वेळा ते करताना लहान मुलांचे खांदे भरून येतात. सिलिंडरमधील आधीच दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत हा धक्का जवळजवळ नसतो. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अनशुट्झ या कंपन्यांच्या अशा रायफली जगभर वापरल्या जातात; त्यांची किंमत लाखांत असते. भारतात महाराष्ट्रातील प्रिसिहोल या कंपनीने हवेच्या रायफली बनवायला घेतल्यापासून मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला या दोन टोकांमधील जागा मिळाली आहे.

मात्र पहिली रायफल विकत घेण्याची घाई करू नये, हा या विषयातील सर्वांत उपयुक्त सल्ला ठरावा. महाराष्ट्रातील नेमबाजीचा इतिहास हेच सांगतो. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेतून झाली. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली त्यांच्याबरोबरच सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे तयार झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2015 मध्ये रेल्वेत नोकरीला लागला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. छात्रसेना, प्रबोधिनी किंवा एखादा क्लब यांच्या रायफलीवर काही महिने सराव केल्यावरच नेमबाजाच्या शरीराला कोणत्या मापाची रायफल जुळते हे कळते, आणि ते कळण्याआधी केलेली खरेदी बहुधा पुन्हा करावी लागते.

माप जुळण्याचा अर्थ असा की दस्ता खांद्यात टेकवल्यावर आणि गाल त्याच्या वरच्या कडेवर ठेवल्यावर मान न वाकवता डोळा थेट मागच्या भिंगहीन छिद्रासमोर यावा. म्हणून दस्त्याची लांबी, मागची टेकण पट्टी आणि गालाखालचा भाग वरखाली सरकवता येणारी साधी रायफल, या सोयी नसलेल्या महागड्या रायफलीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. वाढत्या वयाच्या मुलासाठी तर ही सोय अत्यावश्यकच आहे.

साजाच्या बाबतीत पैसा सर्वाधिक वाया जातो तो दुर्बिणीवर. दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात दुर्बीण चालतच नाही. तेथे पीप साइट लागते, म्हणजे मागे लहान छिद्र आणि पुढे गोल कडी, आणि काळे लक्ष्य त्या कडीच्या मधोमध बसवायचे. देशांतर्गत काही स्पर्धांत खाच आणि माशी असलेल्या ओपन साइटचा स्वतंत्र गट असतो व नवशिक्याने तेथून सुरुवात करण्यास हरकत नाही. दुर्बिणीचे पैसे वाचवून निरनिराळ्या व्यासाच्या पुढच्या कड्या घेतल्या तर फरक अधिक पडतो, कारण कडी फार घट्ट असेल तर लक्ष्याभोवतीची पांढरी जागा दिसेनाशी होऊन डोळा थकतो. त्यानंतरचा खर्च कॅनव्हास व चामड्याच्या जॅकेटचा: ते पाठीला आणि कोपराला स्थिर आधार देते, त्याच्या कापडाची जाडी नियमानुसार 2.5 मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि दुसऱ्याचे ढगळ जॅकेट घालण्यापेक्षा अंगाबरोबर बसणारे जुने जॅकेट बरे. तांबरमसारख्या दमट हवेत घामाने ते लवकर मऊ पडते, म्हणून सरावानंतर सावलीत वाळवणे आणि रायफलीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून नळी तेलाच्या पातळ हाताने पुसणे, हे तेथील नेमबाजाचे नित्याचे काम असते.

छर्ऱ्यांवर मात्र काटकसर करू नये. पाचशे छर्ऱ्यांचा एक डबा साठ छर्ऱ्यांच्या सामन्याच्या हिशेबाने आठ सत्रांतच संपतो, आणि सुरुवातीचे नेम जुळवणीचे छर्रे धरले तर त्याहूनही लवकर. स्पर्धेसाठी सपाट तोंडाचे छर्रे लागतात, कारण ते कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात, 4.49, 4.50, 4.51 अशा सूक्ष्म फरकांच्या मापांत ते मिळतात, आणि रायफल घट्ट आवळून प्रत्येक मापाचे काही छर्रे सोडून पाहिल्यावर ज्यांची भोके सर्वांत जवळजवळ पडतील ते त्या नळीचे छर्रे समजावेत. शिसे हाताळल्यावर हात धुणे ओघानेच आले. घरी छर्रा न भरता केलेला कोरडा सराव पैशाशिवाय होतो, परंतु तो केवळ त्यासाठी सोय असलेल्या रायफलीवरच करावा. स्प्रिंगची रायफल रिकामी सोडली तर समोर हवेची उशी नसल्याने दट्ट्या नळीच्या मुळाशी आदळून बिघडतो.

जुन्या रायफलीची खरेदी करताना सिलिंडरवरील उत्पादनाची तारीख प्रथम पाहावी. साधारण 200 बार दाब सोसणारे हे सिलिंडर उत्पादकांनी दहा वर्षांच्या वापरासाठी ठरवलेले असतात, मुदत उलटलेले सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत नाकारले जाते आणि ते भरणे धोक्याचेही असते, तेव्हा नव्या सिलिंडरचा खर्च रायफलीच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा. तपासून घेतलेली अशी जुनी जर्मन रायफल भारतीय नेमबाजांच्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असते, आणि 50 मीटरच्या .22 रायफलीकडे वळेपर्यंत, जिच्यासाठी परवाना आणि काडतुसांचा वेगळा खर्च दोन्ही लागतात, ती पुरेशी ठरते.