खुर्चीतून दाराशी

महिन्यातून एकदा मी हातात तलवार घेऊन एका बंद दाराबाहेर उभा राहतो. मुंबईत फोर्टात, बोरीबंदरपासून चालत जाण्याच्या अंतरावर फ्रीमेसन हॉल आहे. तिथं आमची लॉज, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेची आमची शाखा, भरते. तलवार बोथट आहे, मुठीवरची पितळी जाळी एका बाजूला चेपलेली आहे आणि पट्टा दोनदा नव्यानं शिवून घेतला आहे. माझ्या पदाला टायलर म्हणतात. सभा चालू असताना दार राखायचं, उशिरा आलेल्या ब्रदरसाठी, म्हणजे सभासदासाठी, ठोका द्यायचा आणि नव्या उमेदवाराला आत जाण्यासाठी तयार करायचं, ही माझी कामं.

दोन वर्षांपूर्वी मी याच दाराच्या आत, पूर्वेच्या खुर्चीत बसत होतो. लॉजचा मास्टर होतो.

फ्रीमेसन म्हटलं की लोक हस्तांदोलनाची खूण विचारतात. माझी आई तर मी दीक्षा घेतली तेव्हा आठवडाभर नीट जेवली नव्हती; पोरगा कुठल्या मंत्रतंत्रात अडकला, हीच तिला धास्ती. खरं तर आमच्याकडची शिकण्यासारखी गोष्ट मुळीच गुप्त नाही. मास्टरची खुर्ची एका वर्षाची असते. माणूस आधी आतल्या दारावर उभा राहतो, मग डीकन होतो, मग धाकटा वॉर्डन, मग थोरला. साधारण दरवर्षी एक जागा पुढं सरकतो. सात-आठ वर्षांनी मास्टर होतो आणि वर्ष भरलं की हातोडी दुसऱ्याच्या हाती देतो. त्यानंतर नव्या मास्टरच्या डाव्या हाताला बसायचं. विधीचे शब्द पाठ म्हणायचे असतात. तो अडखळला तर हळूच शब्द पुरवायचा. त्याला ऐकू जावा आणि मागच्या रांगेला जाऊ नये, इतकाच आवाज.

मला ते जमलं नाही. माझ्यानंतरच्या मास्टरनं पहिल्याच महिन्यात प्रस्ताव आणला: सभा बुधवारी संध्याकाळी सहाऐवजी शनिवारी दुपारी भरवावी. तरुण सभासद अंधेरी-ठाण्याला नोकरी करतात, त्यांना सहाला फोर्ट गाठता येत नाही. मी डोंबिवलीहून तीस वर्षं बुधवारीच आलो होतो. उठून बोललो, आणि वाजवीपेक्षा जास्त बोललो. आमच्या नियमांत एका सभेत सूचना येते आणि मतदान पुढच्या सभेत होतं. तो मधला महिना मी चार जणांना फोन करून विरोध जमवण्यात घालवला. त्याची मला आजही लाज वाटते.

मतदानाच्या दिवशी पहिला हात वर झाला तो एका ऐंशी पार केलेल्या पारशी ब्रदरचा, शनिवारच्या बाजूनं. बुधवारची वेळ पूर्वी त्यांनीच प्रस्ताव मांडून ठरवून घेतली होती, हे मला जेवणाच्या वेळी कळलं. तेही त्यांच्याकडून नाही, सेक्रेटरीकडून. ते पारशी ब्रदर शेजारी बसून माझ्या ताटात बटाट्याची सल्ली वाढत होते.

तेव्हापासून मी लॉजचा इतिहास वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. मुंबईतल्या लॉज आधी गोऱ्यांच्या होत्या. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना त्यांत प्रवेश मिळेना. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मेसन होऊन परत आले तरी इथलं दार उघडलं नाही. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांच्या पुढाकारानं १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली, भारतीयांना घेण्यासाठीच. मला मोठं वाटतं ते माणेकजींचं पुढचं वागणं. स्वतःसाठी एक दार उघडलं म्हणून ते थांबले नाहीत. १८६३ साली त्यांनी मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना तर प्रवेशासाठी बरीच वर्षं झगडावं लागलं. हिंदूंचे देव अनेक, मग ते एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. आज आमच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब आणि अवेस्ता शेजारी शेजारी असतात. ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर हात ठेवायचा.

जुनं धरून ठेवायचं की सोडायचं, असा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही उभा राहिला. इथल्या लॉज इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या ग्रँड लॉजखाली, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संस्थांखाली, होत्या. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. सक्ती कुणावरच नव्हती. ज्या लॉजना जुन्या छत्राखाली राहायचं होतं त्या राहिल्या, आजही आहेत. आम्ही एकमेकांच्या सभांना जातो, एका पंगतीला बसतो. घराच्या वाटण्या करताना आपल्याकडं भावाभावांत काय होतं ते पाहिलं, की मला या गोष्टीचं मोल जास्तच कळतं.

बाया आमच्यात अजून नाहीत. माझी सून याबद्दल विचारते, आणि परंपरा आहे एवढं उत्तर तिला पुरत नाही. मलाही आता पुरत नाही.

टायलरचं काम मी मागून घेतलं. गेल्या शनिवारी एक पोरगेला उमेदवार आला, सॉफ्टवेअरमधला. मेसन होताना अंगावर धातूचं काही ठेवायचं नसतं. नाणी, अंगठी, घड्याळ, सगळं काढायचं. त्यानं एकेक वस्तू माझ्या हातातल्या बशीत ठेवली. मोबाइल ठेवताना मात्र थबकला. म्हणाला, “काका, आई हॉस्पिटलमध्ये आहे. फोन आला तर?”

पूर्वीचा मी असतो तर नियम सांगितला असता. मी म्हटलं, “फोन माझ्याजवळ राहील. आला तर मी उचलेन, आणि तशी वेळ आली तर ठोका देऊन आत कळवेन.”

मी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, उजव्या हातानं दारावर तीन ठोके दिले. फोन माझ्या डाव्या हातात होता. दार लागल्यावर तलवार भिंतीला टेकवून मी फोनच्या पडद्याकडं बघत उभा राहिलो.